डॉक्टरेटनंतरची उमेदवारी

उमेदवारी हा शब्द आजकाल आपल्या कानीं पडतो तो बहुधा निवडणुकीच्या दिवसांत. परंतु त्याचा जुना अर्थ निराळा आहे. धंद्याचें प्राथमिक शिक्षण पुरें झाल्यावर एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखालीं, थोडक्या वेतनावर, कांहीं काळ काम करून आपला हात आणि आपली नजर पक्की करून घेणें, याला आपले वाडवडील उमेदवारी म्हणत. विज्ञानाच्या क्षेत्रांत ही चाल अद्यापि जिवंत आहे. पीएच.डी.ची पदवी मिळाल्यानंतर आणि स्वतःची प्रयोगशाळा उभी करण्यापूर्वीं तरुण संशोधक जीं दोन-चार वर्षें दुसऱ्या एखाद्या नामांकित प्रयोगशाळेंत घालवितो, त्या काळांतील कामास इंग्रजींत पोस्ट-डॉक्टरल संशोधन म्हणतात. या उमेदवारीविषयीं आज मी चार गोष्टी सांगणार आहे. आणि त्याही एका विशिष्ट शास्त्राच्या, म्हणजे प्रणाली-जीवशास्त्राच्या, अनुरोधानें व महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील गोंदिया जिल्ह्यावर दृष्टि ठेवून. ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी विज्ञानाची उच्च पदवी घेत आहे, त्या घरांतील वडील माणसांना हा विषय परका वाटूं नये, एवढाच माझा हेतु आहे.

प्रणाली-जीवशास्त्र, म्हणजे इंग्रजींत ज्यास सिस्टिम्स बायॉलॉजी म्हणतात तें, काय आहे हें प्रथम सांगितलें पाहिजे. १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया हा तलावांचा जिल्हा. तेथील जुने मालगुजारी तलाव ज्यांनीं पाहिले असतील त्यांना ठाऊक आहे कीं, पुष्कळ ठिकाणीं वरच्या तलावाच्या सांडव्याचें पाणी खालच्या तलावास मिळतें आणि तलावाच्या पाटावर धानाच्या बांध्या भिजतात. अशा गांवच्या पाण्याचा हिशेब एका तलावाची खोली मोजून लागत नाहीं. पाऊस, सांडवा, पाट, बांध्या आणि जमिनींत मुरणारें पाणी, या सर्वांचा परस्परसंबंध एकाच नकाशांत मांडावा लागतो. जिवंत पेशीचेंही असेंच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जीवशास्त्रानें एकेक जनुक आणि एकेक प्रथिन सुटें करून तपासलें. मानवी जनुकसंचाचें वाचन पुरें झाल्याचें २००३ सालीं जाहीर झालें, तेव्हां सुट्या भागांची यादी आपल्या हातीं आली. परंतु भागांची यादी म्हणजे यंत्र नव्हे. हे भाग एकमेकांशीं कसे वागतात, हें प्रयोग, गणित आणि संगणक या तिहींच्या साह्यानें समजून घेणें हें प्रणाली-जीवशास्त्राचें काम होय.

या विचाराचीं मुळें जुनीं आहेत. डेनिस नोबल या इंग्रज शास्त्रज्ञानें १९६० सालींच हृदयाच्या पेशीचें स्पंदन गणिताच्या समीकरणांत मांडलें होतें. २०१२ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या ५२५ जनुकांच्या सूक्ष्म जंतूचें संपूर्ण संगणकी प्रतिरूप तयार झालें. त्यासाठीं पेशीच्या निरनिराळ्या व्यापारांचीं २८ उपप्रतिरूपें एकत्र गुंफावीं लागलीं. आज या शास्त्राचीं प्रमुख पीठें अनेक देशांत आहेत. सिअ‍ॅटल येथें लिरॉय हूड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं या एकाच शास्त्राला वाहिलेली संस्था काढली. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयांत २००३ सालीं याचा स्वतंत्र विभाग निघाला. जर्मनींत हायडेलबर्ग येथील युरोपीय रेणु-जीवशास्त्र प्रयोगशाळा, स्वित्झर्लंडांत झुरिक येथील तांत्रिक विद्यापीठ आणि जपानांत टोकियो, हींही त्याचीं ठिकाणें आहेत. आपल्या देशांतही बंगळूर, पुणें आणि मुंबई येथें हें काम चालतें व तें हलक्या दर्जाचें मुळींच नाहीं. मग परदेशीं जावयाचें कशाला? याचें उत्तर असें कीं, या शास्त्राला भौतिकी, गणित, वैद्यक आणि रसायन या चारही विद्यांचे जाणकार एका छपराखालीं बसलेले लागतात. आणि अशी संगत जेथें असेल तेथें कांहीं वर्षें राहिल्यावांचून ती अंगीं मुरत नाहीं.

परंतु संगतीचा उपयोग होण्यासाठीं जवळ स्वतःचा प्रश्न असावा लागतो. हें स्पष्ट करण्यासाठीं मी गोंदियाच्याच परिचयाचें उदाहरण घेतों. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांना सिकलसेल या रोगाची दुःखद ओळख आहे. या रोगांत प्राणवायु कमी पडतांच रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्यास असह्य वेदना होतात. हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूंत आहे, हें लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं १९४९ सालीं दाखविलें. पुढें केंब्रिज येथें व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं १९५७ सालीं सिद्ध केलें कीं, रेणूच्या लांब साखळींतील केवळ एका अमिनो आम्लाच्या जागीं दुसरें आल्यानें हा सारा अनर्थ घडतो. भारतांत हा दोष १९५२ सालीं प्रथम निलगिरींतील लोकांत आढळला. आपल्या सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून २०४७ साल ही तिची मुदत ठरविली आहे.

दोष एका अक्षराचा, तर मग प्रश्न सुटला असें कोणी म्हणेल. पण येथेंच खरा प्रश्न सुरू होतो. आई व बाप या दोघांकडून तोच दोष घेऊन आलेल्या दोन मुलांपैकीं एकास वारंवार इस्पितळ गांठावें लागतें, तर दुसरें त्या मानानें बरें वाढतें. असें कां? गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन जन्मानंतर किती प्रमाणांत टिकून राहतें, त्यावर रोगाची तीव्रता बरीचशी अवलंबून असते. त्याखेरीज इतर जनुकें, जंतुसंसर्ग, थंडी, शरीरांतील पाण्याची तूट या सर्वांचा त्यांत हात असतो. म्हणजे हा एका तलावाचा प्रश्न न राहतां सगळ्या तलावांच्या साखळीचा प्रश्न होतो. आणि असा प्रश्न हाच प्रणाली-जीवशास्त्राचा विषय आहे. गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन दाबून टाकण्याच्या कामीं बीसीएल-११-ए या जनुकाचा हात आहे, हें २००८ सालीं हार्वर्डच्या प्रयोगशाळेंतून प्रसिद्ध झालें. त्या ज्ञानावर उभारलेल्या जनुक-संपादनाच्या उपचारास ब्रिटननें नोव्हेंबर २०२३ मध्यें आणि अमेरिकेनें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मान्यता दिली. परंतु अमेरिकेंत त्याची किंमत २२ लक्ष डॉलर ठेवण्यांत आली. देवरी किंवा सालेकसा तालुक्यांतील शेतमजुराच्या मुलाला या वार्तेचा उपयोग काय? त्याच्यासाठीं स्वस्त मार्ग शोधावयाचा तर ज्यांना त्याच्या वेदनेची कळकळ आहे अशा माणसांच्या हातीं ही विद्या आली पाहिजे.

विद्या हातीं कशी येते, याचा धडा वर सांगितलेल्या इन्ग्रॅम यांच्याच चरित्रांत आहे. १९४९ सालीं लंडन येथें डॉक्टरेट मिळवून ते अमेरिकेस गेले. तेथें रॉकफेलर संस्थेंत व नंतर येल विद्यापीठांत त्यांनीं उमेदवारी केली आणि प्रथिनांच्या लहान तुकड्यांचें रसायन येल येथें आत्मसात केलें. १९५२ सालीं ते इंग्लंडांत परतले. केंब्रिजमध्यें हिमोग्लोबिनचे तुकडे करून ते कागदावर पसरण्याची जी युक्ति त्यांनीं योजिली, तिच्या मुळाशीं हें उमेदवारींत मिळविलेलें कसब होतें. तात्पर्य, उमेदवारींतून आणावयाची वस्तु म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे, तर पद्धति होय.

आपल्याकडेही असे दाखले आहेत. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांनीं १९३९ सालीं केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. तेथें त्यांनीं वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावर काम केलें. पण स्वदेशीं आल्यावर त्यांनीं हातीं घेतलीं तीं कडधान्यें आणि नीरा, म्हणजे गरिबांच्या पोटाशीं संबंध असलेलीं द्रव्यें. अलीकडचा दाखला विदर्भांतलाच आहे. डॉ. शेखर मांडे हे नागपूर विद्यापीठाचे भौतिकशास्त्राचे पदवीधर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत डॉक्टरेट झाल्यावर त्यांनीं नेदरलँड्समधील ग्रोनिंगन आणि नंतर अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथें उमेदवारी केली. परत येऊन त्यांनीं चंदिगड व हैदराबाद येथें क्षयाच्या जंतूंतील प्रथिनांवर संशोधन केलें, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी-विज्ञान केंद्राचे ते संचालक झाले आणि २०१८ सालीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचें महासंचालकपद त्यांच्याकडे आलें. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी जीवशास्त्रांत जाऊन नांव मिळवूं शकतो, ही गोष्ट आपल्या तरुणांनीं मनांत बाळगण्यासारखी आहे.

आतां व्यवहाराकडे वळूं. परदेशांतील या उमेदवारीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यांत प्राध्यापक आपल्या अनुदानांतून तुम्हांला पगार देतो. अमेरिकेंत हा प्रकार अधिक. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें नवख्या उमेदवारासाठीं २०२४ सालीं ठरविलेलें किमान वार्षिक विद्यावेतन ६१,००८ डॉलर होतें. मात्र २०२५ सालीं तेथील सरकारनें अनेक संशोधन-अनुदानें रद्द केलीं. तेव्हां जागा स्वीकारण्यापूर्वीं, हा पैसा कोणत्या अनुदानांतून येणार व किती वर्षें पुरणार, असें प्राध्यापकास स्वच्छ शब्दांत विचारावें. त्यांत संकोच कसला? दुसऱ्या प्रकारांत उमेदवार स्वतःच्या नांवावर शिष्यवृत्ति मिळवितो आणि ती घेऊन प्रयोगशाळेंत जातो. अशा उमेदवारास प्रश्न निवडण्याची मोकळीक अधिक असते; आणि स्वतःचा प्रश्न घेऊन जाणाऱ्यानें प्रयत्न करावा तो याच प्रकारासाठीं.

अशा शिष्यवृत्त्यांपैकीं चार-पांच सांगतों. युरोपांतील एम्बो या संस्थेचा भारत २०१६ पासून सहयोगी सभासद आहे; तिची शिष्यवृत्ति दोन वर्षांपर्यंत मिळते. जर्मनीची हुम्बोल्ट शिष्यवृत्ति कोणत्याही देशाच्या व कोणत्याही विषयाच्या विद्वानांस खुली आहे. युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी शिष्यवृत्ति भारतीयांसही मिळते. तिची मुख्य अट अशी कीं, ज्या देशांत जावयाचें तेथें मागील ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेलें नसावें. जपानची विज्ञान-प्रवर्तन संस्था अशीच सोय करते. आणि स्ट्रासबूर्ग येथील ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्राम ही संस्था तर आपल्या विषयास विशेष जवळची आहे. कारण तिनें भौतिकी, गणित, रसायन किंवा संगणक यांत डॉक्टरेट मिळवून जीवशास्त्रांत येऊं इच्छिणाऱ्यांसाठीं निराळी शिष्यवृत्ति ठेविली आहे. गोंदियाच्या स्टेशनांत पूर्वीं मोठी लाईन व सातपुड्याची छोटी लाईन एकत्र येत आणि उतारूस गाडी बदलावी लागे. आतां ती छोटी लाईन राहिली नाहीं. परंतु विद्येच्या प्रवासांत अशा जंक्शनाची गरज अजून आहे, आणि ही शिष्यवृत्ति म्हणजे असें एक जंक्शन आहे.

या सर्व शिष्यवृत्त्यांत एक गोष्ट अशी आहे कीं जिच्यामुळें आपलीं हुशार मुलें मागें पडतात. अर्जाची मुदत वयावरून मोजीत नाहींत, पदवीच्या तारखेपासून मोजतात. सध्यांच्या नियमांप्रमाणें एम्बोसाठीं डॉक्टरेट मिळून दोन वर्षें होण्याच्या आंत अर्ज करावा लागतो; हुम्बोल्टसाठीं ही मर्यादा चार वर्षांची आणि जपानच्या शिष्यवृत्तीसाठीं सहा वर्षांची आहे. नियम बदलत असतात, म्हणून मूळ जाहिरात प्रत्येकानें स्वतः पाहावी. एम्बोसाठीं स्वतःचें नांव प्रथम असलेला एक तरी संशोधन-निबंध लागतो. मोठ्या शहरांतील संस्थेंत हीं माहिती चहा पितां पितां वरच्या वर्गांतील मित्रांकडून मिळते. जिल्ह्याच्या गांवीं ती सांगणारें कोणी नसतें, आणि ती कळते तेव्हां घड्याळ पुढें गेलेलें असतें. बुद्धीच्या अभावानें नव्हे, तर वार्ता उशिरां पोंचल्यानें संधि हुकावी, यासारखी हळहळण्याजोगी गोष्ट दुसरी नाहीं. म्हणून प्रबंध सादर करण्याच्या एक-दीड वर्ष आधींपासूनच तयारीस लागावें.

तयारी म्हणजे काय? जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यानें संख्याशास्त्र, अवकल समीकरणें आणि संगणकास आज्ञा लिहिण्याची एखादी भाषा शिकावी. गणिताच्या विद्यार्थ्यानें कांहीं महिने प्रयोगशाळेंत हात ओले करावे. यासाठीं परदेशीं जाण्याची वाट पाहावयास नको. इंग्लंडांतील युरोपीय जैव-माहिती संस्थेच्या बायोमॉडेल्स या भांडारांत २००५ पासून पेशींच्या गणिती प्रतिरूपांचा संग्रह केलेला असून तीं कोणासही विनामूल्य मिळतात. गोंदियाच्या धोटे बंधु विज्ञान महाविद्यालयांतील विद्यार्थी तीं आज उतरवून घेऊं शकतो, चालवून पाहूं शकतो आणि त्यांत काय चुकतें तें शोधूं शकतो.

मग पत्र लिहावें. पन्नास प्राध्यापकांस एकच मजकूर पाठविणें म्हणजे पन्नास तिकिटें वाया घालविण्यासारखें आहे. पांच-सहा प्रयोगशाळा निवडाव्या, त्यांचे मागील तीन-चार वर्षांतील निबंध मन लावून वाचावे आणि एका पानांत तीन गोष्टी लिहाव्या: माझा प्रश्न कोणता, आपल्याकडून मला कोणती पद्धति शिकावयाची आहे, आणि मी बरोबर कोणतें कसब घेऊन येतों. त्या प्रयोगशाळेंतून बाहेर पडलेले पूर्वीचे उमेदवार आज कोठें आहेत, याचीही चौकशी करावी. विहिरीचें पाणी गोड आहे कीं मचूळ, हें तें प्यालेल्यांसच ठाऊक असतें. आणि एक इशारा वडील मंडळींस: खरी प्रयोगशाळा उमेदवाराकडून जागेसाठीं पैसे कधीं मागत नाहीं. जो मध्यस्थ जागा मिळवून देण्याचें मूल्य सांगेल, त्याला दारांतूनच निरोप द्यावा.

आतां घराविषयीं दोन शब्द. डॉक्टरेट होईपर्यंत मुलाचें किंवा मुलीचें वय अठ्ठावीस-तीस होतें. शेजारच्या मुलानें तोंवर नोकरी, घर, संसार सारें उभें केलेलें असतें. अशा वेळीं, आणखी दोन-तीन वर्षें उमेदवारी, हें ऐकून आई-बापांचें मन खट्टू होणें स्वाभाविक आहे. मुलीच्या बाबतींत तर, आधीं लग्न, मग काय तें, असा आग्रह धरला जातो. परंतु हा काळ वायां जाणारा नाहीं. ती पेरणी आहे. शिष्यवृत्त्या देणाऱ्या अनेक संस्था बाळंतपणाच्या काळाबद्दल मुदतींत सूट देतात आणि मुलाबाळांसाठीं भत्ताही देतात. जी गोष्ट केंब्रिजला जाऊन कमलाबाईंनीं १९३९ सालीं साधली, ती आजच्या मुलीला घरच्या संमतीच्या अभावीं साधूं नये, हें आपल्या सुशिक्षितपणास शोभत नाहीं. घरावर कर्ज असेल, वडील थकलेले असतील, तर त्याचाही हिशेब मोकळेपणानें मांडावा. विद्यावेतनांतून घरीं मोठी रक्कम येईल अशी आशा धरूं नये. मोठ्या शहरांत घरभाडेंच त्याचा मोठा लचका तोडतें.

शेवटचा प्रश्न परतण्याचा. जाणारा परत येत नाहीं, अशी तक्रार आपण नेहमीं करतों. परंतु परत येणाऱ्यासाठीं आपण काय ठेवितों? केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानें परदेशीं काम करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांसाठीं २००६-०७ पासून रामलिंगस्वामी शिष्यवृत्ति सुरू केली. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर अध्यापक-योजनाही आहे. या योजनांनीं अनेकांस परतीचा पूल मिळाला. पण पुलाच्या या टोकाला जागाही हवी. गोंदियांत आतां शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, विज्ञानाचीं महाविद्यालयें आहेत, आणि सिकलसेलचे रोगी तर आहेतच. अशा ठिकाणीं लहानशी का होईना, परंतु चांगली प्रयोगशाळा निघाली, तर सिअ‍ॅटलच्या किंवा हायडेलबर्गच्या तोडीचा प्रश्न तेथें दारांत उभा आहे. तो प्रश्न परदेशांतील शास्त्रज्ञास पुस्तकांत वाचावा लागतो; आपल्या मुलांस तो शेजारच्या घरीं भेटतो. ही आपली गरिबी नव्हे, हें आपलें भांडवल आहे.

म्हणून ज्यांच्या घरीं असा विद्यार्थी असेल त्यांस माझी विनंति एवढीच कीं, कोणत्या देशांत जाणार व पगार किती मिळणार, हे प्रश्न क्षणभर बाजूस ठेवावे आणि त्याऐवजीं दोन प्रश्न विचारावे: तुझ्या पदवीची तारीख कोणती, आणि तूं आपल्याबरोबर कोणता प्रश्न घेऊन जाणार? पहिल्याचें उत्तर मिळालें तर संधि हुकणार नाहीं. दुसऱ्याचें मिळालें तर मुलगा जेथें जाईल तेथें सांगकाम्या म्हणून राहणार नाहीं. आणि परतेल तेव्हां रिकाम्या हातानें परतणार नाहीं.